रिपोर्ट काय आला?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून हातापायातली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक दवाखान्यांत येऊ लागले. या साथीतला पहिला संशयित मृत्यू मात्र पुण्यात नोंदला गेला नाही. तो सोलापुरात झाला. पुण्यात नोकरी करणारा हा रुग्ण आपल्या गावी आला होता आणि इथल्या एका खासगी रुग्णालयात दगावला. त्याचं शवविच्छेदन डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या 'सिव्हिल'मध्ये झालं. प्राथमिक निष्कर्ष निघाला तो गुलियन बॅरे सिंड्रोमचा. पुढच्या काही दिवसांत 'जीबीएस' ही तीन अक्षरं घरोघर पोचली.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. रुग्णाला जीबीएसच आहे का, हे ठरवायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढतात. त्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळपास नेहमीइतक्याच, असं चित्र दिसलं की संशय बळावतो. मज्जातंतूंतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो याचीही चाचणी होते. एवढ्याने रोगाचं नाव कळतं, पण तो झाला कशाने हे कळत नाही. त्यासाठी रुग्णांच्या शौचाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले आणि काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू, काहींत नोरोव्हायरस सापडला. पोट बिघडवणारे हे जंतू शरीरात आले कुठून, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचं उत्तर रुग्णाच्या शरीरात नव्हतं, म्हणून विहिरींचं आणि नळांचं पाणी तपासावं लागलं.

तीन प्रश्न, तीन वेगळे नमुने, तीन वेगळ्या तपासण्या. दवाखान्याबाहेर थांबलेले नातेवाईक 'रिपोर्ट काय आला?' असं विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात एकच कागद असतो आणि त्यावर आजाराचं नाव छापलेलं असेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रयोगशाळा तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. प्रश्न चुकला, नमुना चुकीच्या दिवशी घेतला किंवा चुकीच्या बाटलीत भरला, तर लाखो रुपयांचं यंत्रसुद्धा अचूक आकडा छापून दिशाभूल करू शकतं.

सोलापूरने हे २०२०मध्येही अनुभवलं. शहरातला पहिला कोरोनाबाधित १२ एप्रिलला नोंदला गेला, तेव्हा तो रुग्ण हयात नव्हता. अहवाल मृत्यूनंतर आला. त्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द रिक्षावाल्यांच्याही तोंडी बसला. पुण्याच्या मायलॅब कंपनीत विषाणूतज्ज्ञ मिनल दाखवे-भोसले यांच्या चमूने पहिलं देशी चाचणी किट तयार केलं आणि मार्च २०२०मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण किट कितीही चांगलं असलं तरी नाकातून घेतलेला स्वॅब वरवरचा असेल, किंवा लागण होऊन एकच दिवस झाला असेल, तर अहवाल निगेटिव्ह येऊ शकत होता. 'निगेटिव्ह आला' याचा अर्थ 'या नमुन्यात सापडला नाही' एवढाच. तो रोग नसल्याचा दाखला नव्हे.

झाकणाचा रंग आणि मे महिना

पॅथॉलॉजी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रक्त काढणारा तंत्रज्ञ येतो. रोगामुळे पेशी आणि ऊती यांच्यात होणारे बदल ओळखणं, हे या शास्त्राचं मूळ काम. व्यवहारात मात्र एका छपराखाली अनेक विभाग नांदतात. रक्तपेशी मोजणारा वेगळा. साखर, युरिया, क्रिएटिनिन पाहणारा वेगळा. जंतू वाढवून ओळखणारा वेगळा. आणि शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा वेगळा. एखाद्या मोठ्या रुग्णालयात एकाच रुग्णाचे नमुने एकाच सकाळी या चारही टेबलांवर असू शकतात.

रक्त काढताना तीन-चार रंगांच्या झाकणांच्या नळ्या का भरतात, असं रुग्ण अनेकदा विचारतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं, कारण पेशी मोजायच्या तर त्या मोकळ्या हव्यात. निळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त गोठण्याच्या चाचण्यांना जातं आणि ती खुणेपर्यंतच भरावी लागते. करड्या झाकणाची नळी साखरेसाठी. नळीत गेल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात आणि आजूबाजूची साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. करड्या नळीतलं फ्लोराइड पेशींची ही भूक आवरतं.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो. करमाळा, मंगळवेढा किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या गावात सकाळी उपाशीपोटी घेतलेलं रक्त साध्या नळीत तीन तास प्रवास करून शहरात पोचलं, तर मूळची १३० साखर मोजताना ११०च्या आत येऊ शकते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर म्हणजे मधुमेह, हा निकष लावला तर हा माणूस मधुमेही असूनही कागदावर सुटतो. यंत्र चुकलेलं नसतं, कारण त्याला दिलेल्या रक्तात तेवढीच साखर उरलेली असते. उलटही घडतं. बारीक सुईतून जोर लावून रक्त ओढलं की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि हृदयाला धोका वाटावा असा आकडा छापला जातो. म्हणूनच प्रयोगशाळेने 'नमुना खराब आहे, पुन्हा द्या' असं कळवलं की रुग्ण वैतागतो, पण ते चांगल्या प्रयोगशाळेचं लक्षण आहे. प्रयोगशाळांतल्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर हेच आढळलं आहे की बऱ्याचशा चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झालेल्या असतात.

यंत्राचीही रोज परीक्षा होते. सकाळी पहिल्या रुग्णाच्या नमुन्याआधी उत्तर आधीच ठाऊक असलेला 'कंट्रोल' चालवतात. तो ठरलेल्या मर्यादेत आला नाही, तर त्या चाचणीचे अहवाल थांबवायचे असतात. हे पाहणारं कुणी आहे की नाही, हा महाराष्ट्रात बरीच वर्षं वादाचा विषय होता. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. त्यामुळे अहवाल हातात आला की आकड्यांआधी तळाची सही आणि नोंदणी क्रमांक पाहणं शहाणपणाचं.

तापाचा कितवा दिवस?

पावसाळा सरताना सोलापूरच्या कुठल्याही दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग असते. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि साधा विषाणूजन्य ताप पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात. इथे तपासणीचं सगळं गणित तारखेवर अवलंबून असतं.

डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो साधारण पहिले पाच दिवस, त्यामुळे एनएस-१ ही चाचणी तेव्हा उपयोगी पडते. शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली आयजीएम प्रतिद्रव्यं पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासून 'डेंग्यू नाही' म्हणणं आणि आठव्या दिवशी केवळ एनएस-१ तपासून तेच म्हणणं, दोन्ही सारखंच फसवं. मलेरियात आजही काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब हाच भक्कम पुरावा मानतात. कुशल डोळ्यांना परजीवी दिसतो, त्याची जातही ओळखता येते आणि शंभरातल्या किती पेशींत तो आहे हेही मोजता येतं.

टायफॉइडची गोष्ट जरा अडचणीची. फर्नांड विडाल या फ्रेंच वैद्याने १८९६मध्ये शोधलेली विडाल चाचणी आजही गावोगावी सर्रास होते. पण ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधते. जिथे अनेकांना पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेलेला असतो, तिथे निरोगी माणसातही ती थोडीफार पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या एखाद्या तापातही ती वर जाते आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात कोरी राहू शकते. रक्ताचं कल्चर हा खरा मार्ग. त्यात जंतू वाढतो, त्याचं नाव कळतं आणि त्याच्यावर कोणतं प्रतिजैविक चालेल हेही कळतं. अट एवढीच, की रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधी काढलेलं हवं. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन चौथ्या दिवशी कल्चरला आलेल्या रुग्णाचा अहवाल 'वाढ नाही' असा येतो, ताप मात्र कायम असतो.

क्षयरोगात मात्र गेल्या दोन दशकांत चित्र पालटलं. रॉबर्ट कॉखने १८८२मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यापासून थुंकीची रंगवलेली पट्टी हाच मुख्य आधार होता. जंतू भरपूर असतील तरच ते पट्टीवर दिसतात, आणि कल्चर वाढायला काही आठवडे लागतात. आता सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतूचा जनुकीय अंश ओळखतं आणि रिफाम्पिसिन हे महत्त्वाचं औषध चालेल की नाही हेही सांगतं. याच धर्तीवर गोव्याच्या मोलबायो कंपनीने बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र बनवलं आणि २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराची शिफारस केली. वातानुकूलित खोली नसलेल्या आरोग्य केंद्रातही ते चालतं, ही आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोठी सोय.

तुकडा तपासायला दिलाय

'तुकडा काढून तपासायला दिलाय' हे वाक्य घरात उच्चारलं गेलं की सगळे गप्प होतात. बायोप्सीचा अहवाल यायला दोन-चार दिवस का लागतात, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

काढलेला तुकडा आधी १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवतात, म्हणजे तो कुजत नाही. पॅथॉलॉजिस्ट त्याचं मोजमाप घेतो, रंग आणि कडा पाहतो, कुठला भाग तपासायचा ते ठरवून कापतो. मग तो रात्रभर रसायनांतून जातो, त्यातलं पाणी निघून जागी मेण शिरतं आणि त्याचा ठोकळा तयार होतो. मायक्रोटोमवर त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळीजांभळी आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. त्यानंतर कुठे भिंगाखालचं वाचन सुरू होतं. केंद्रकं मोठी आणि ओबडधोबड आहेत का, पेशी आपली मर्यादा ओलांडून खाली घुसल्या आहेत का, काढलेल्या गाठीची कड रोगमुक्त आहे का, हे सगळं पाहून अहवाल लिहिला जातो. स्तनाच्या कर्करोगात पुढे इआर, पीआर आणि हर-२ या चाचण्या होतात आणि कोणतं औषध द्यायचं ते त्यांवर ठरतं. त्याला आणखी दिवस जातात.

इथेही बाटली महत्त्वाची. गाठ क्षयाची असू शकते असा संशय असताना ती अख्खी फॉर्मेलिनमध्ये टाकली, तर जंतू मरतात आणि कल्चरची संधी कायमची जाते. कर्करोगाच्या संशयाचा तुकडा नुसत्या सलाइनमध्ये पाठवला, तर तो वाटेतच खराब होतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याने पॅथॉलॉजिस्टला आधी एक फोन केला तर दोन्ही टळतं.

भिंगाखालच्या या कामाला भारतात संशोधनाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. १८९५मध्ये जन्मलेले खानोलकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात होते. १९४०च्या दशकात ते टाटा मेमोरियल रुग्णालयात आले. त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा १९४४मध्ये प्रसिद्ध केला. कर्करोग तोंडात नेमका कुठे होतो आणि माणूस तंबाखू कशी खातो किंवा ओढतो, यांचा संबंध ते मांडत होते. कमरेला धोतर घट्ट बांधण्याच्या जागी वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचंही त्यांनी वर्णन केलं. विड्या वळणाऱ्या हातांच्या आणि मिश्री-तंबाखूच्या सोलापुरात गालातला बरा न होणारा चट्टा आजही याच वाटेने निदानापर्यंत जातो. तीन आठवड्यांत भरून न येणाऱ्या तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासावा, हा सल्ला म्हणूनच डॉक्टर देतात.

मुंबईच्याच प्रयोगशाळेत लागलेला आणखी एक शोध रोजच्या कामातून निघाला. काही जणांचं रक्त तपासताना ओ गटासारखं वागत होतं, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नव्हतं. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह १९५२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो नवा गट जाहीर केला. तोच 'बॉम्बे' रक्तगट. ओ गटाच्या लाल पेशींवर असणारा एच हा घटकच या लोकांकडे नसतो. भारतात तो साधारण १०,०००त एकाला असतो. केवळ लाल पेशींचा गट पाहिला तर त्याच्यावर 'ओ' असा शिक्का बसतो आणि ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी होते आणि पिशवी देण्याआधी दोन्ही रक्तं जुळवून पाहतात, ती अशाच प्रसंगांसाठी.

ठळक अक्षरांतले आकडे

संगणकाने छापलेल्या अहवालात एखादा आकडा ठळक अक्षरांत दिसला की घाबरायला होतं. पण शेजारची 'नॉर्मल रेंज' ठरते कशी? बहुतेक चाचण्यांत निरोगी लोकांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के 'सामान्य' धरतात. म्हणजे १०० निरोगी माणसांपैकी पाच जण व्याख्येनेच या कुंपणाबाहेर असतात. 'फुल बॉडी चेकअप'मध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. लक्षण नसताना ढीगभर चाचण्या केल्या की मग त्या एका आकड्यामागे आणखी चाचण्या लागतात.

दुसरं गणित दुर्मीळ रोगांचं. समजा एखादा आजार १,०००त एकाला आहे आणि चाचणी ९९ टक्के अचूक आहे. १०,००० जणांची सरसकट तपासणी केली तर दहा खरे रुग्ण सापडतील आणि सुमारे १०० निरोगी लोकही पॉझिटिव्ह ठरतील. पॉझिटिव्ह आलेल्या दर ११ जणांत खरा रुग्ण एकच. तीच चाचणी लक्षणं असलेल्या मोजक्या लोकांवर केली, की तिचा शब्द एकदम वजनदार होतो. डॉक्टर आधी नाडी पाहतो, पोट दाबून पाहतो, चार प्रश्न विचारतो, त्यात हे गणित दडलेलं असतं.

आकड्यामागचं कारण शोधणं हेही पॅथॉलॉजीचंच काम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण 'हिमोग्लोबिन ९' हे निदान झालं नाही. लाल पेशी लहान आणि फिकट असतील तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसिमियाचा वाहकपणा, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेटची उणीव. थॅलेसिमियाची वाहक असलेली स्त्री वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहते आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, असं घडतं. अशा वेळी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला केलेली, हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी एचपीएलसी चाचणी पुढच्या पिढीचा प्रश्न सोडवू शकते.

बार्शीने मोजून दाखवलं

कोणती चाचणी चांगली, याचा निवाडा प्रयोगशाळेत होतो तसा गावातही होतो. अशा निवाड्यांपैकी जगभर दखल घेतलेला एक सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतून झाला.

मुंबईत १९६३मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली होती, पण खेड्यांत कर्करोग किती याचा अंदाज कुणालाच नव्हता. रुग्ण दवाखान्यात आलाच नाही, तर तो नोंदला जाणार कसा? १९८७मध्ये टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या चमूने पद्धतच बदलली. कर्मचारी गावोगाव फिरू लागले, लोकांना लक्षणं समजावून सांगू लागले, संशयित रुग्णाला तपासणीसाठी बार्शीला येण्याचा आग्रह धरू लागले. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळला. आणि नोंदणीसाठी केलेल्या या फेऱ्यांचा एक परिणाम दिसला. काही वर्षांतच या गावांतल्या स्त्रिया आजाराच्या आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. हा अनुभव १९९५मध्ये शोधनिबंधातून जगापुढे आला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका दिवसात होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा, म्हणजे एचपीव्ही विषाणूच्या काही प्रकारांचा संसर्ग दीर्घकाळ टिकला, तर पेशींत बदल होत होत दहा-वीस वर्षांत तो उद्भवतो. एवढा मोठा अवधी मिळत असल्याने तो आधी पकडता येतो. पकडायचा कसा, याचे तीन मार्ग होते. पहिला पॅप स्मिअर: पेशी खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि प्रशिक्षित डोळ्यांनी वाचायच्या. दुसरा सर्वांत स्वस्त: गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तिसरा, तेव्हा महागडा: विषाणूचा डीएनए शोधायचा.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून या तिन्हींची तुलना सुरू झाली. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ते चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तीन गटांना एकेक चाचणी एकदाच देऊ केली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा होती. चाचणीत दोष निघालेल्या स्त्रियांची दुर्बिणीने तपासणी, गरज पडली तर बायोप्सी आणि उपचार झाले. शेवटचा शब्द इथेही पॅथॉलॉजिस्टचाच होता, कारण एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक स्त्रियांचं शरीर हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप घालवतं.

एप्रिल २००९मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले. सुमारे आठ वर्षांत नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. पुढच्या टप्प्यात पोचलेला कर्करोग नेहमीच्या सेवेच्या गटात ८२ जणींना, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९ जणींना. पॅप स्मिअर आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही. पॅप चाचणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा ती करणाऱ्या देशांत तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण जिच्यापर्यंत आयुष्यात एकदाच पोचता येणार आहे, त्या स्त्रीसाठी कोणती चाचणी निवडावी, हा बार्शीचा प्रश्न होता. तिथे विषाणूची चाचणी सरस ठरली, कारण ती आजचा बदल तर पकडतेच, शिवाय तिचं 'निगेटिव्ह' पुढची कितीतरी वर्षं भरवशाचं राहतं.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. चौथ्या गटातल्या हजारो स्त्रियांना कोणतीच चाचणी न देता केवळ लक्ष ठेवणं नैतिक होतं का, असा प्रश्न देशात आणि परदेशांत विचारला गेला. त्या काळात भारतात सरसकट तपासणीची सोयच नव्हती, असं संशोधकांचं उत्तर होतं. टीकाकारांना ते पटलं नाही.

पुढे २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. ती स्त्रीला स्वतःच नमुना घेऊनही करता येते. प्रत्येक स्त्रीची ३५व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५व्या वर्षापर्यंत पुन्हा अशी चाचणी व्हावी आणि २०३०पर्यंत ७० टक्के स्त्रियांपर्यंत ती पोचावी, असं जागतिक उद्दिष्ट आहे. गोव्याच्या मोलबायोने आणि पुण्याच्या मायलॅबने या चाचणीचे देशी किट बनवले आहेत. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लस २०२३मध्ये बाजारात आली. सरकारी कार्यक्रमात मात्र अजून मुख्य भर ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीवर आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली का, असं विचारलं होतं. 'हो' म्हणणाऱ्या १.९ टक्के होत्या.